मशिनची खोळ

शिवणबाईंच्या घरात उघडी वस्तू शोधायला गेलात, तर हात हलवत परत याल. मिक्सरला खोळ, फ्रीजला खोळ, फ्रीजच्या मुठीला वेगळी खोळ. टीव्हीला अर्धी खोळ, जी बघताना वर गुंडाळून ठेवायची. रिमोटला खोळ. आणि या सगळ्यांच्या जादा खोळी ज्या पेटीत ठेवलेल्या, त्या पेटीलाही एक खोळ. पाहुणे हसायचे. हसणाऱ्या पाहुण्यांच्या खुर्चीलाही खोळ असायची, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही.

बाईंची उभी हयात एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यात गेली होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्याचं ठिकाण लिहिलेलं असायचं: ‘शस्त्रक्रिया विभाग’, ‘बालरुग्ण’, ‘आधी उकळणे’. धूळ हा तिथला एक नंबरचा वैरी. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, वैर सुटलं नाही. घरातल्या प्रत्येक खोळीवरही लाल दोऱ्यात नाव असायचं. फ्रीजच्या खोळीवर ‘फ्रीज’ असं लिहिण्याची काय गरज, असं मुलानं एकदा विचारलं होतं. ‘‘धुतल्यावर कुठली कुणाची, कोण सांगणार?’’ बाई म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा मिटला.

सून या घरात आली तेव्हा पहिल्या वर्षी तिला या खोळींचं हसू आलं. दुसऱ्या वर्षी त्यावरून दोघींत थोडी तू तू मैं मैं झाली. त्यानंतर तिला खोळी दिसेनाशाच झाल्या. माणसाला घरातला भिंतीचा रंग जसा दिसत नाही, तसं.

सुनेचं काम मोठं अजब होतं. ज्या इमारती अजून बांधल्याच नाहीत, त्यांच्यात ती लोकांना फिरवून आणायची. पडद्यावर दार उघडायचं, आपण आत शिरायचो, जिना चढायचो, खिडकीतून ऊन जमिनीवर आलेलं दिसायचं. बाईंना हे फार आवडायचं. जिना किती चांगला झाडलाय, असं त्या कौतुकानं म्हणायच्या. दुसऱ्या शहरातली एक मोठी कंपनी सुनेला हे काम द्यायची आणि ती घरी बसून करायची. त्यासाठी तिनं एक भारी मशीन घेतलं होतं आणि त्यात एक ग्राफिक्स कार्ड होतं. कार्ड म्हटल्यावर बाईंना वाटलं होतं, लग्नपत्रिकेएवढं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ते पाटीएवढं निघालं, पोटावर तीन पंखे असलेलं. त्याची किंमत ऐकल्यावर बाईंनी टेप काढून मशिनची मापं घेतली. एवढी महागाची वस्तू टेबलाखाली उघडी ठेवायची म्हणजे काय!

खोळ झाली तीही अशी, की इस्पितळात असती तर बढती मिळाली असती. मागे वायरींसाठी काजं, पुढे बटणासाठी झडप, बाजूला चेन. कोपऱ्यात लाल दोऱ्यात: ‘मशीन’. सुनेनं मान वर न करता ‘‘छान झालीय हं आई’’ म्हटलं आणि कामाला लागली.

पुढच्याच आठवड्यात मशीन रखडायला लागलं.

सुरुवात बरी व्हायची. दार उघडायचं, आपण आत शिरायचो, आणि जिन्यापाशी आलं की पाय लटपटायला लागायचे. पायरी चढून झाल्यावर मागची पायरी दिसायची. ऊन जमिनीवर यायच्या ऐवजी तुकड्या-तुकड्यानं पडायचं. मुलानं इंटरनेटवर वाचून काहीबाही काढलं, काहीबाही घातलं आणि छातीठोकपणे सांगितलं की ड्रायव्हर जुना आहे. बाईंना इतकंच कळलं की या गाडीचा ड्रायव्हर बदलायचाय. बदलला. फरक नाही.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. चांगला, शिकलेला, मान खाली घालून काम करणारा माणूस. तो येणार म्हटल्यावर बाईंनी आदल्या दिवशीच मशिनची खोळ काढून धुवायला टाकली. परक्या माणसासमोर मळकी खोळ दिसणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्यानं मशीन उघडलं, आत फुंकर मारली, काहीतरी चालवून अर्धा तास बघत बसला. इमारतीत असा काही फिरला, की जिना तीनदा वर-खाली केला. सगळं झकास.

‘‘थोडी धूळ होती, काढली,’’ तो म्हणाला. ‘‘काकू, धूळ हा कार्डाचा सगळ्यात मोठा शत्रू, बघा.’’

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्या भाषेत बोललं होतं. त्याला चहा दिला, वर आग्रहानं दुसरा दिला. तो गेल्यावर त्यांनी जाड कापडाची नवी खोळ शिवायला घेतली, जिच्यातून धुळीचा कणही जाणार नाही. खोळ चढली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी पुन्हा पाय लटपटले.

यापुढे जे झालं, त्यात कुणाचीही चूक काढता येणार नाही. प्रत्येक जण शहाणपणानंच वागला. दुरुस्तीवाला पुन्हा आला, खोळ पुन्हा धुण्यात गेली. त्यानं कार्ड खोलून त्याच्या पोटाला कसलीशी पेस्ट लावली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल असं करून ठेवलं. हा कार्डाचा ताप, म्हणाला, नव्वदच्या पुढे गेला तर मला सांगा. त्याच्यासमोर आकडा सत्तरच्या आत राहिला. पेस्टनं काम झालं, असं तो म्हणाला. खोळ वाळली, इस्त्री झाली, चढली आणि आकडा नव्वदच्या पुढे गेला. सुनेनं फोन केला.

‘‘माझ्यासमोर एकदाही गेला नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आकडा खोटा बोलत असणार.’’

शेवटी तो मशीन आपल्या दुकानात घेऊन गेला. अर्थातच उघडंबोडकं, दुसऱ्याच्या दुकानात आपली खोळ मळवायला बाई थोड्याच पाठवणार? तिथे ते दिवसभर न थकता पळालं. परत आणून देताना बिचारा पार गोंधळला होता. ‘‘ताई, मशिनात काही नाही. तुमच्या घरातच काहीतरी आहे,’’ तो म्हणाला. या सगळ्या काळात कुणी शंभर टक्के बरोबर बोललं असेल तर तो त्या क्षणी, आणि नेमका त्याच वाक्याचा मुलाला राग आला. ‘‘घरात काय असणार? उगाच काहीतरी!’’ तो गेल्यावर मुलगा बराच वेळ धुसफुसत होता.

त्यातच मशिनचा पंखा ओरडायला लागला. सून कंपनीच्या लोकांशी बोलायची तेव्हा पलीकडून विचारायचे, तुमच्याकडे विमान उतरतंय का? सून ओशाळायची. बाईंना ते बघवेना. त्यांनी जुनी रजई उसवून खोळीला आतून कापसाचं अस्तर लावलं. आवाज खरोखरच कमी झाला. सुनेनं या वेळी मान वर करून, मनापासून म्हटलं, ‘‘आई, तुम्ही होतात म्हणून.’’

बाई दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होत्या.

मग एका संध्याकाळी जेवताना मुलानं विषय काढला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, तेव्हाच बाई सावध झाल्या. कंपनीला एका मोठ्या ग्रंथालयाचं काम मिळवायचं होतं. सुनेनं ते ग्रंथालय समितीला पडद्यावर फिरवून दाखवायचं. पसंत पडलं, तर कंपनी तिला मुख्य कचेरीत बोलावणार, हाताखाली माणसं, वरची जागा. मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात. मुलाला तिकडे बदली मिळत होती. नातीला शाळेत घालायचंच होतं, ते तिकडेच घालता येईल.

‘‘आणि मी?’’ असं बाई म्हणाल्या नाहीत. ‘‘भात घे अजून,’’ म्हणाल्या.

‘‘तूही चल ना आई,’’ मुलगा म्हणाला. पण तिकडे दोनच खोल्या मिळणार होत्या हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, आणि ते मागे घेता येत नव्हतं. सून ताटाकडे बघत होती. ‘‘अजून कशाचा काही पत्ता नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मशीन असंच रखडलं तर समिती पहिल्या जिन्यावरच हात जोडेल.’’

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. घर डोळ्यांसमोर आलं: सगळ्या वस्तू नीट झाकलेल्या, आणि त्या वापरणारं कुणी नाही. त्यांना भीती वाटली. साधी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सून नातीला घेऊन बाहेर गेली. ग्रंथालय पडद्यावर आपलं आपण फिरत होतं; चालत ठेवून बघायचं, कुठे अडतं ते, असं काहीसं ती सांगून गेली होती. बाईंना खोळीची एक शिवण उसवलेली दिसली. त्यांनी चेन ओढून खोळ काढली, खिडकीशी बसल्या, टाके घालू लागल्या. मधेच सहज पडद्याकडे लक्ष गेलं. मघाशी कपाटांच्या रांगेत अडखळणारं ग्रंथालय आता पाण्यासारखं वाहत होतं. कोपऱ्यातला आकडा उतरत होता.

शिवण पुरी झाली. त्यांनी खोळ चढवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. आकडा चढू लागला. ग्रंथालय लंगडू लागलं.

त्यांनी खोळ काढली. आकडा उतरला.

हातातल्या खोळीला आतून ऊब होती. इस्त्रीखालून आत्ताच निघालेल्या चादरीला असते, तशी.  इस्पितळात तापानं फणफणलेल्या मुलांची पांघरुणं काढून टाकायला सांगणारी परिचारिका त्यांनी हजारदा बघितली होती, आणि घरात मात्र त्यांनी आजाऱ्याला रजई पांघरून ठेवली होती, वर त्या रजईला वायरींसाठी काजंही करून दिली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. सून बिचारी किती दिवस स्वतःला दोष देत होती! ती आली की लगेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

दारात पावलं वाजली. आधी नातीचा आवाज आला, ‘‘आजी, आम्ही आलो!’’

आणि बाईंनी खोळ चढवली. चेन लावली. झडप नीट केली.

का, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर ‘शिवण उसवली होती, ती घातली’ एवढंच त्यांनी सांगितलं असतं. स्वतःलाही त्या पुढचे चार दिवस हेच सांगत राहिल्या. वर हेही सांगितलं की आपण काही वेगळं केलेलं नाही. होतं तसंच ठेवलंय. आपल्याला त्यातलं काय कळतं? कळणारे होते की, शिकलेले, पेस्ट लावणारे. बाईंनी त्या चार दिवसांत सुनेला खूप जपलं. न मागता चहा दिला, नातीला सांभाळलं, नजर मात्र एकदाही दिली नाही.

सुनेनं त्या दिवसांत सगळं करून पाहिलं. ग्रंथालयातली झाडं काढली, पुस्तकांवरची अक्षरं काढली, शेवटी खिडकीतलं ऊनही काढलं, म्हणजे मशिनला ओझं कमी. तरी जिन्यापाशी पाय लटपटायचेच. समितीला दाखवायच्या आदल्या दिवशी बाई कपडे वाळत घालत होत्या आणि सून आतल्या खोलीत तिच्या आईशी फोनवर बोलत होती.

‘‘नाही गं, मशिनचं नाव कशाला घेऊ. दुकानात नीट चालतं, माझ्याकडेच चालत नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे,’’ ती म्हणत होती. ‘‘उद्या होऊन जाऊ दे. मग मी त्यांना कळवून टाकणार आहे, हे काम मला जमणार नाही म्हणून.’’

ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती हिशोब मिटवून टाकल्यासारखी बोलत होती. बाईंच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. आपल्याला हवं तेच तर झालं होतं. सून कुठे जाणार नव्हती, नात कुठे जाणार नव्हती, घर भरलेलं राहणार होतं. फक्त त्या घरात सून ऊन काढून टाकलेल्या खोलीत बसून राहणार होती, आणि तिला तसं कुणी बसवलं हे एकाच माणसाला ठाऊक असणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांच्या आधी उठून खोळ काढली आणि पेटीच्या तळाशी घातली.

सून केस विंचरून, चांगली साडी नेसून टेबलापाशी आली. खाली वाकून बघितलं आणि दचकली.

‘‘आई, खोळ कुठाय? आज तरी घाला ना. तो पंखा ओरडला तर माझी बोलतीच बंद होईल. आणि धूळ किती आहे बघा!’’

म्हणजे बघा. बाईंना काही करायचं नव्हतं. फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. सुनेनं स्वतःच्या तोंडानं मागितली होती. उद्या देवही विचारायला आला असता तर बाईंकडे साक्षीदार होता. खोळ चार पावलांवरच्या पेटीत होती.

‘‘ओली आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काल धुतली. वाळलीच नाही.’’

‘‘नेमकी कालच कशाला धुतलीत!’’ सून इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली.

‘‘चुकलं माझं,’’ बाई म्हणाल्या. सुनेला वाटलं त्या धुण्याबद्दल बोलतायत.

त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून पडदा दिसत होता. ग्रंथालयाचं दार उघडलं. कपाटांच्या रांगा सरकल्या. जिना आला. सुनेचा आवाज घाबरून हळू झाला, मग तिच्या लक्षात आलं की आपण वर पोचलोय. तिनं परत खाली येऊन पुन्हा चढून दाखवला. मग काहीतरी खटाखट दाबलं आणि काढून टाकलेलं ऊन खिडकीतून परत आत आलं, लांब, तिरपं, वाचायच्या टेबलांवर. पलीकडून कुणीतरी ‘वा’ म्हणालं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तोंडाला पदर लावला. आणि इतकं वाईट वाटलं की तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.

यशाचे धनी मग पुष्कळ निघाले. मुलगा म्हणाला, ड्रायव्हर शेवटी बसला. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, पेस्टला मुरायला वेळ लागतो. सुनेचा भाऊ म्हणाला, मी सांगितलंच होतं, कधीकधी आपोआप नीट होतं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. खोळीचं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती अजून वाळली नव्हती.

सामान बांधायची वेळ आली तेव्हा मशिनची काळजी सगळ्यांना लागली. ट्रकचा प्रवास, रस्त्यावरची धूळ. ‘‘आई, तुमची ती जाड खोळ!’’ सून म्हणाली. ‘‘आता तरी वाळली असेल ना?’’ बाई हसल्या. त्यांनी खोळ काढून मांडीवर घेतली, दोन दिवस तिच्यावर काहीतरी काम करत होत्या, आणि मशीन बंद असताना स्वतःच्या हातानं चढवून चेन लावली. ट्रक गेला. रिकाम्या टेबलाखाली एक चौकोन लख्ख राहिला होता, कारण तिथे धूळ कधी पोचलीच नव्हती.

चार-पाच दिवसांनी फोन आला. सून होती. नातीची शाळा, पाण्याची वेळ, शेजारी असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली,

‘‘आई, आज मशीन लावायला घेतलं. खोळीवरचं वाचलं.’’

पुढच्या बाजूला, बटणाच्या अगदी वर, जिथे नजर चुकवून चालणार नाही अशा जागी, बाईंनी लाल दोऱ्यानं लिहिलं होतं: ‘चालू करण्याआधी काढणे’.

मग सुनेनं विचारलं,

‘‘त्या दिवशी ती ओली नव्हती ना?’’

‘‘नव्हती,’’ बाई म्हणाल्या. आणि मग उरलेलंही सांगून टाकलं. ‘‘आणि त्याच्याआधी चार दिवस मला माहीत होतं.’’

 पलीकडे नातीची बडबड ऐकू येत होती. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. आता ती ठेवून देईल, आणि तो तिचा हक्कच आहे, असं त्यांना वाटलं.

‘‘आई,’’ सून म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. ‘‘इकडे सगळंच उघडं आहे हो. पोरगी रोज विचारते, आपल्या फ्रीजला कपडे का नाहीत.’’

बाईंना हुंदका आला. तो दाबायला त्यांनी घाईघाईनं टेप शोधली, जणू लगेच लागणार होती.

‘‘दार कुठल्या बाजूला उघडतं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘उंची किती? मापं सांग, मी शिवून पाठवते.’’

‘‘मी नाही सांगणार,’’ सून म्हणाली. ‘‘तुम्ही येऊन घ्या.’’